बॅटरीबाईने वाचलेली दोन चित्रं

अंडी उबवण्याच्या केंद्रात तिला सगळे बॅटरीबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि सत्तावीस वर्षांत ते तिथून फारसं बाहेर आलंच नाही. तिच्या हातातल्या दिव्याला वायर होती, म्हणजे ती बॅटरी नव्हतीच, पण नाव पडलं ते पडलं. या काळात साहेब बदलले, यंत्रं बदलली, भिंतींचा रंग तीनदा बदलला, त्यातला एक तर तिच्याच नवऱ्याने दिला. अंधाऱ्या खोलीतल्या स्टुलावर बसलेली बॅटरीबाई मात्र तीच राहिली.

तिचं काम सांगायला सोपं होतं. अंडी उबेत ठेवून दहा दिवस झाले की ट्रे तिच्या खोलीत यायचे. एकेका अंड्याच्या बुडाशी दिवा टेकवायचा आणि आत बघायचं. कवचातून तांबूस उजेड पसरायचा, आणि त्या उजेडात बारीक लाल धागे दिसले, एकातून दोन, दोनातून चार फुटलेले, की समजायचं आत जीव धरलाय. ते अंडं परत उबेत. आत काहीच नसलं, नुसता स्वच्छ पिवळा उजेड असला, तर ते कोरं. कोरं अंडं निळ्या बादलीत. आणि ज्याच्याबद्दल मन खात्री देईना त्याच्यावर पेन्सिलीने फुली मारायची आणि ते वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचं. त्या ट्रेवर तिने स्वतःच्या हाताने ‘पुन्हा’ असं लिहिलं होतं. तीन दिवसांनी ती अंडी पुन्हा बघायची. ही ‘पुन्हा’ची पद्धत तिचीच. आधीच्या साहेबांनी तिची थट्टा केली होती, पण पिल्लं जास्त निघायला लागल्यावर त्यांनीच ती पद्धत वरच्या साहेबांना आपली म्हणून सांगितली. तिला त्याचं काही वाटलं नाही, निदान ती तसं म्हणायची.

दीडशे अंड्यांचा ट्रे ती पाच-सहा मिनिटांत हातावेगळा करायची. किती कोरी, किती जिवंत, हे तोंडाने सांगायची आणि दाराशी बसलेला कारकून कागदावर उतरवायचा. त्या कागदाकडे तिने कधी वळून पाहिलं नाही. ‘लिहिणं त्यांचं, बघणं आपलं,’ असा तिचा खाक्या होता. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. चांगलं सातवीपर्यंत शिकली होती. पण ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं त्याने दुसऱ्याने लिहिलेलं कशाला वाचावं, हा तिचा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्याची कुणाची हिंमत नव्हती.

घरातही तिच्या नजरेचाच अंमल चाले. नवरा रंगारी होता. उंच, सडपातळ, शिडीवर चढला की शीळ घालणारा आणि सिगारेट सोडल्याची घोषणा दर महिन्याला नव्याने करणारा. भिंतीचा रंग जुळवायचा असो की स्वतःचा शर्ट घ्यायचा असो, तो आधी तिला दाखवायचा. “ही एकदा बघून गेली की मला परत बघावं लागत नाही,” असं तो कौतुकाने सांगायचा. त्या कौतुकाची किंमत पुढे दोघांना कळायची होती.

त्या वर्षी केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांची आणि त्यांच्या जोडीदारांची तपासणी ठेवली. जेवणाच्या हॉलमध्ये पडदे लावले होते. रक्त घेतलं, वजन केलं, पोटावर गार जेल चोपडून सोनोग्राफी केली. रंगाऱ्याला गुदगुल्या झाल्या आणि तो एवढा हसला की आतल्या बाईने त्याला दोनदा दम भरला. आठ दिवसांनी नर्सने दोन पाकिटं बॅटरीबाईच्या हातात ठेवली.

“आपापल्या डॉक्टरांना दाखवा हं,” नर्स म्हणाली. तिला अजून चाळीस पाकिटं वाटायची होती.

घरी येऊन बॅटरीबाईने खिडकीपाशी दोन्ही पाकिटं उघडली. प्रत्येकात एक टाइप केलेला कागद आणि एक गुळगुळीत चित्र होतं. कागद तिने सवयीने पाकिटात परत सरकवले. चित्रं उजेडाला धरली.

तिच्या चित्रात राखाडी किडनीच्या कडेला एक गोल होता. चांगला मोठा. त्याच्यावर टिंबांची रेघ ओढून शेजारी आकडा लिहिला होता, पाच पूर्णांक आठ सेंटिमीटर. गोल आतून एकसारखा काळाकुट्ट, कड पातळ आणि रेखीव. आत काही म्हणजे काही नव्हतं.

नवऱ्याच्या चित्रातही एक गोल होता, पण छोटा, दोन पूर्णांक चार. आणि त्याच्या आत पांढरट धागे होते. एक जाडसर, मधूनच गेलेला, त्याला फुटलेले दोन बारीक. कड एका बाजूला जरा जाड.

सत्तावीस वर्षं जी नजर लाखो अंड्यांतून गेली होती तिने क्षणात निकाल दिला. नवऱ्याचं जिवंत. आपलं कोरं.

इथेच सगळी गफलत झाली. अंड्याचा हिशोब तिने माणसाच्या किडनीला लावला, आणि किडनीत तो बरोबर उलटा असतो. तिचा मोठा काळा गोल म्हणजे पाण्याने भरलेली साधी पिशवी होती, वय झालं की बऱ्याच जणांच्या किडनीत होते तशी, बिनत्रासाची. काळजी करावी असं जे होतं ते त्या छोट्या गोलात होतं. धागे तिथे होते. हे सगळं पाकिटातल्या कागदांवर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि कागद कुणी वाचले नाहीत.

संध्याकाळी रंगारी हातपाय धुऊन आला आणि त्याने विचारलं, “काय आलं गं त्या तपासणीत?”

“तुमचं छान आहे,” ती म्हणाली. “मी बघितलंय.”

“आणि तुझं?”

“माझंही ठीकच.”

त्याने पाकीट मागितलं नाही. ती बघून गेली होती, मग परत काय बघायचं? तिने त्याचं पाकीट कपाटात घडी केलेल्या टेबलक्लॉथखाली ठेवलं आणि स्वतःचं उशीच्या अभ्र्यात दडवलं.

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. पण तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की आता आपले दिवस भरले आहेत आणि हे नवऱ्याला जितकं उशिरा कळेल तितकं बरं. डॉक्टरकडे जायचं तर तो कापायला सांगणार. एवढं मोठं काढल्यावर राहणार काय? तोवर तिला काही होत नव्हतं, पण चित्र पाहिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डाव्या कुशीत दुखायला लागलं. आधी उठताना, मग बसताना, मग कुशीचा विचार आला की.

कामावर निळ्या बादलीपाशी तिचा हात अडखळू लागला. कोरं अंडं दिव्यावर धरलं की तिला वाटे, हे आपल्यासारखंच. बाहेरून ठणठणीत. ती ते हलकेच बादलीत ठेवायची. पूर्वी ती टाकायची. पाच मिनिटांच्या ट्रेला दहा मिनिटं लागू लागली तेव्हा साहेबांनी दारातून विचारलं, “बॅटरीबाई, तब्येत बरी आहे ना?” तिने “हो” म्हटलं आणि दिवा पुसायला घेतला.

घरात मात्र तिने कामाचा सपाटा लावला. आपण गेल्यावर या माणसाचं कसं होणार, हा एकच घोर. म्हणून तिने नवऱ्याला शिकवायला घेतलं. चहा उतू न घालवता कसा करायचा, इस्त्री कुठल्या कपड्याला किती गरम, बटण तुटलं तर दोरा कुठे, पाण्याचा नळ बिघडला तर कुणाला बोलवायचं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर तिने चिठ्ठी चिकटवली.

“अगं, हे सगळं मला आत्ताच कशाला?” रंगारी इस्त्री हातात धरून विचारी.

“मग कधी शिकणार? मी काय जन्मभर पुरणार आहे का तुम्हाला?”

“न पुरायला काय झालं? तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेस!”

यावर ती तोंड फिरवून डब्यांकडे वळे. त्याला वाटे, बायकोला या वयात शिस्तीचं नवं खूळ लागलंय. तो निमूटपणे शिकत गेला. चहा तर त्याला इतका छान जमू लागला की तिलाच त्याचा हेवा वाटला.

पाचव्या आठवड्यात एक गोष्ट घडली. रंगाऱ्याने त्या दिवशी एका मैदानाचं फाटक लाल रंगवलं होतं. घरी येऊन तो बाथरूममधून बाहेर आला तो हसतच. “आज लाल रंग आतपर्यंत मुरला बहुतेक.”

“म्हणजे?”

“लघवीला जरा लालसर झालं.”

ती मिठाच्या डब्यावर चिठ्ठी लावत होती. “दिवसभर उन्हात उभे राहता, पाणी पीत नाही. दोन तांबे पाणी प्या आता माझ्यासमोर.”

तो प्यायला. दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं होतं, आणि विषय संपला. दुसरं कुणी असतं तर तिने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. पण त्याचं छान होतं. तिने बघितलं होतं.

सातव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, लेक आली. ती बसने दोन थांबे पलीकडे राहायची आणि पोस्टात काम करायची. पत्ता नीट वाचल्याशिवाय एक पाकीट पुढे न ढकलणारी. आल्या आल्या तिने बाप शर्टाला इस्त्री करतोय हे पाहिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हे मीठ. साखर वरच्या फळीवर. चाखून बघा.’

लेकीने दार लोटून घेतलं. “आई, काय चाललंय हे? तू कुठे निघालीस?”

बॅटरीबाई ओट्याला टेकली. “माझ्या किडनीत आहे. मोठं आहे. बाबांना सांगू नकोस.”

“कोण म्हणालं?”

“मी बघितलंय.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

आई ओट्यावरच्या उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागली तेव्हा लेकीच्या काय ते लक्षात आलं. “गेलीच नाहीस? किती दिवस झाले?”

“सात आठवडे.”

“सात आठवडे! आणि मीठ-साखरेच्या चिठ्ठ्या लावत बसलीस?” लेक रागाने लाल झाली, मग तिला रडू आलं, मग परत राग आला. शेवटी ओढणीने डोळे पुसत तिने विचारलं, “आणि बाबांचं काय आलं?”

“त्यांचं छान आहे.”

लेकीने मान हलवली. जिने पोस्टात इतकी वर्षं दुसऱ्यांची पाकिटं उलटसुलट करून पाहिली, तिने बापाचं पाकीट मागितलं नाही. आईच्या नजरेवर शंका घ्यायची असते हे त्या घरात कुणी शिकलंच नव्हतं.

मंगळवारी दोघी किडनीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर साठीच्या, बारीक केस कापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. टेबलावर किडनीची एक प्लॅस्टिकची प्रतिकृती होती आणि तिच्या खाचेत त्यांनी पेन अडकवून ठेवलं होतं. त्यांनी चित्राआधी कागद वाचला, हे बॅटरीबाईला जरा खटकलं.

“दुखतं का?”

“डाव्या कुशीत.”

“केव्हापासून?”

“चित्र बघितल्यापासून.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बघण्याआधी?”

बॅटरीबाईने प्रामाणिकपणे मान हलवली. नव्हतं दुखत. मग डॉक्टरांनी एकामागून एक विचारलं. थंडी वाजून ताप? नाही. लघवीत कधी रक्त? नाही. लघवीला अडकतं, त्रास होतो? नाही. रक्तदाब त्यांनी स्वतः मोजला, तोही बरा निघाला. घरात आईवडलांना, भावंडांना किडनीचा आजार? नाही.

“ठीक आहे. असू दे हे.”

“असू दे?”

“हो. काढायचं नाही, टोचायचं नाही. साधी सिस्ट आहे. पाण्याची पिशवी. पन्नाशीनंतर खूप लोकांना असते, निम्म्यांना तर पत्ताही नसतो.”

“पण केवढं मोठं आहे, मॅडम!”

“मोठं असेल. पण रिकामं आहे ना.”

“रिकामं म्हणजेच वाईट ना?” बॅटरीबाई म्हणाली. “आत काही नसलं म्हणजे ते वाया गेलेलं. मी सत्तावीस वर्षं तेच बघते.” आणि तिने आपलं काम थोडक्यात सांगितलं. धागे दिसले की ठेवायचं, कोरं असलं की टाकायचं.

डॉक्टरांनी किडनीच्या खाचेतलं पेन काढलं. त्यांना ते काम मनापासून आवडलेलं दिसलं. एका कागदामागे त्यांनी शेजारी शेजारी दोन गोल काढले.

“तुमच्याइतकं चांगलं हे कुणाला समजणार नाही, ताई. हा पहिला गोल. कड पातळ, आत नुसतं पाणी. काही वाढत नाही त्यात. हा तुमचा. कधी खूप मोठा होऊन सारखं दुखायला लागलं, ताप आला, रक्त दिसलं, लघवी अडली, तर त्याच दिवशी यायचं. एरवी विसरायचं.” मग त्यांनी दुसऱ्या गोलाची कड जाड केली आणि आत दोन-तीन रेघा मारल्या. “आणि हा दुसरा. आत पडदे, धागे, जाड भिंत. छोटा असला तरी हा सोडायचा नाही. काही असे गोल नुसते लक्ष ठेवण्यासारखे असतात, काहींमध्ये कॅन्सर असू शकतो. ते सी.टी. स्कॅनशिवाय कळत नाही. अंड्यात धागे म्हणजे आत काहीतरी वाढतंय, बरोबर? इथेही तोच अर्थ. फक्त इथे आपल्याला काही वाढायला नको असतं.”

लेकीचा जीव भांड्यात पडला होता. तिने हसून आईकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

बॅटरीबाई दुसऱ्या गोलाकडे बघत होती. तिने त्यावर बोट ठेवलं. जाड धागा मधून जायला हवा होता, डॉक्टरांनी तो जरा बाजूला काढला होता. एवढाच फरक.

“हे माझ्या घरी आहे,” ती म्हणाली.

“काय आहे घरी?”

“हे. कपाटात. टेबलक्लॉथखाली. हिच्या बाबांचं.”

मग बॅटरीबाईला आणखी एक गोष्ट आठवली. “मॅडम, त्यांना पंधरा दिवसांपूर्वी लाल झालं होतं. लघवीला. एकदाच. मी पाणी प्या म्हटलं.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, “मी पाचपर्यंत आहे. पाकीट आणा आणि त्यांना आणा.”

घरी लेकीने टेबलक्लॉथ ओढून काढला, पाकीट उघडलं आणि उभ्या उभ्याच कागद मोठ्याने वाचला. मोजमापं झाली, मग ‘आत जाड पडदे’ झालं, आणि शेवटची ओळ तिने बोट ठेवून वाचली. “‘सल्ला: सी.टी. स्कॅन लवकरात लवकर करून घ्यावा व किडनीच्या तज्ज्ञांना दाखवावे.’ आई, हे साध्या भाषेत लिहिलंय गं.”

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. “चल,” ती म्हणाली, “वाचनालयापाशी असतील ते.”

रंगारी वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर काम करत होता. शिडीवरून त्याची शीळ अर्ध्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होती. बॅटरीबाई शिडीखाली जाऊन उभी राहिली.

“अहो, खाली या.”

“एवढा एक हात मारून येतो. डाग राहील नाहीतर.”

“राहू दे डाग. खाली या. माझं चुकलं.”

शीळ थांबली. एकतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्याने तिच्या तोंडून ऐकले नव्हते. तो उतरला. तिने सगळं सांगितलं, आपलं कोरं आणि त्याचे धागे, उशीचा अभ्रा, मिठाच्या चिठ्ठ्या, सगळं, रस्त्यात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

तो हातातला ब्रश डब्याच्या कडेला निथळवत राहिला. मग म्हणाला, “पण तू छान आहे म्हणाली होतीस.”

त्यात तक्रार नव्हती. लहान मूल विचारतं तसं त्याने ते म्हटलं, आणि तिला वाटलं याने आपल्याला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने ब्रश पाण्यात बुचकळला, धुतला, परत धुतला, बोटांनी केस न् केस सरळ केला. एरवी तो ब्रश धुवायचा कंटाळा करायचा. मग डब्याचं झाकण ठोकून लावलं आणि म्हणाला, “चला.”

पुढचे दिवस भराभर गेले. शिरेतून औषध सोडून सी.टी. स्कॅन झाला. गोलातल्या त्या जाड धाग्याने औषध धरलं, म्हणजे त्याला रक्त पोचत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे ठेवण्यासारखं नाही. पण छोटं आहे, कडेला आहे, तेवढाच भाग काढता येईल, किडनी वाचेल. तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं. काढलेला तुकडा तपासायला गेला आणि त्यात कॅन्सर निघाला. तो पुरता काढला गेला होता, कडा स्वच्छ होत्या.

बॅटरीबाईने डॉक्टरांना एकटीने गाठलं. “मॅडम, खरं सांगा. सात आठवडे मी ते दाबून ठेवलं. त्याने फरक पडला?”

डॉक्टरांनी विचार करून उत्तर दिलं. “बहुतेक नाही. हे सहसा सावकाश वाढतं. पण सात आठवड्यांऐवजी सात वर्षं गेली असती तर मी तुमच्याशी असं बोलत नसते. आणि एक लक्षात ठेवा. लघवीत रक्त एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी यायचं. ते थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं.”

तिने मान हलवली. ‘बहुतेक’ हा शब्द मात्र ती घरी घेऊन आली आणि तो तिला बरेच दिवस पुरला.

रंगारी बरा होत गेला. सिगारेट या वेळी खरोखर सुटली, घोषणेशिवाय. हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी तो तिच्यासाठी चहा घेऊन आला. उतू न गेलेला, साखर बरोबर. तिने कप हातात घेतला आणि तिला हुंदका आवरेना.

“हे मी तुम्हाला का शिकवलं माहीत आहे ना?” ती म्हणाली. “मला वाटलं मी जाणार. आणि तुम्ही तिथे लाल... आणि मी चिठ्ठ्या...”

“माहीत आहे.” तो तिच्या शेजारी बसला, जखमेच्या बाजूने जरा जपून. “एक सांगू? माझं जिवंत आहे असं वाटलं ना तुला, ते काही खोटं नव्हतं. फक्त ते आपल्या बाजूचं नव्हतं.”

ती रडता रडता हसली, पण मन तिला सोडेना. केंद्रात ती परत स्टुलावर बसली तेव्हा तिने साहेबांकडे एक मागणी केली. दाराशी बसणाऱ्या कारकुनाने आकडे लिहून झाले की ते तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. साहेबांना नवल वाटलं. सत्तावीस वर्षांत तिने कागद मागितला नव्हता.

सहा महिन्यांनी रंगाऱ्याची पुन्हा तपासणी होती. अशा तपासण्या आता काही वर्षं होत राहणार होत्या. पोटावर तेच गार जेल, तोच पडदा, आणि तो तसाच हसला, फक्त जरा बेतानं. तपासणारा डॉक्टर तरुण होता. त्याने स्क्रीनकडे बघत पोटावर यंत्र फिरवलं आणि शेवटी कागद छापला, चित्र काढलं.

“आधी हिला दाखवा,” रंगारी टेबलावरून मान उचलून म्हणाला. “आमच्यात हीच बघते. हिची नजर फार पक्की आहे.”

तो थट्टा करत नव्हता. बॅटरीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की तो अजूनही तसाच विश्वास ठेवून पडला आहे, पोट उघडं टाकून, तेवढं सगळं होऊन गेल्यावरही. डॉक्टरने चित्र तिच्यापुढे धरलं. तिचा हात आपसूक पुढे गेला, उजेडाला धरायला. तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

“चित्र नको,” ती म्हणाली. “कागदावर काय लिहिलंय ते वाचा. शेवटची ओळ आधी.”

तरुण डॉक्टरने कागद वर धरला. “‘ऑपरेशनच्या जागी नव्याने काहीही आढळलेलं नाही. सहा महिन्यांनी तपासणी.’”

रंगारी उठून शर्टाची बटणं लावू लागला. तिने त्याला हाताने थांबवलं.

“पुन्हा वाचा,” ती म्हणाली.